कच्चा टाका

बोटी धक्क्याला लागल्या की किलिबेग्जमध्ये
माझ्या शिवणखोलीच्या काचेलाही खवले चिकटतात,
असं मी गिऱ्हाइकांना सांगते.
खोटं आहे. वास मात्र खरा.
त्या वासातूनच असम्प्टा जिना चढून आली,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मागे सोरखा.
लग्न शनिवारी. आज बुधवार.

"जुनं, नवं, उसनं, निळं. सगळं ह्यात आहे.
कुठे काय टाचायचं ते तू बघ."

आधी निघाला सासूचा ब्रोच, काटा वाकलेला.
सोरखाने छातीशी धरला, आरशात पाहिलं, परत ठेवला.
"ही आजी मला कधी आवडली नाही."
"लग्नात आवडीचा प्रश्न नसतो," असम्प्टा म्हणाली.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बरं झालं.

मग बुटात घालायचं सहा पेन्सचं नाणं,
त्यावरचा शिकारी कुत्रा झिजून झिजून
मेंढीच्या वळणावर गेलेला.
आणि बापाने पाठवलेलं निळं:
जाळ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा,
टोकं जाळून बंद केलेली.
"दोन टन पेलते," एवढाच निरोप.
तिने ती तिथल्या तिथे घोट्याला बांधली
आणि चालून पाहिलं, बाप समोर असल्यासारखं.

तळाशी टोपडं होतं.
आमच्याकडे नवरीच्या रुमालाला चार टाके घालून
तान्ह्याचं बाप्तिस्म्याचं टोपडं करतात,
आणि ते तान्हं नवरी झालं
की टाके उसवून पुन्हा रुमाल.
ह्या हातांनी मी किती उसवलीत!
कात्री लावायची नाही, सुईच्या टोकाने,
एकेक, दाढेतला कण काढावा तसं.
सोरखाचं टोपडं उलगडलं.
चुण्या तीस वर्षांच्या,
इस्त्रीला बधल्या नाहीत.

असम्प्टा घाईने झाकण लावायला गेली
आणि सोरखाने मध्ये बोट घातलं.

दुसरं टोपडं.
फिअक्राचं. हिच्यामागून अकरा मिनिटांनी आला,
एकोणिसाव्या वर्षी बोटीवर गेला.
बोट परत आली.

"हेही उसवू?" मी विचारलं.
विचारायला नको होतं. हाताची सवय तोंडाला लागते.
असम्प्टा शिलाई मशीनच्या चाकाकडे बघत राहिली,
जणू ते आपणहून फिरेल.

"नको," सोरखा म्हणाली, "त्याचं टोपडंच राहू दे.
मला ते उसनं हवंय."

"उसनं परत करावं लागतं."
असम्प्टाचा आवाज हिशेब मागणाऱ्या वाण्यासारखा.
"कुणाला करशील?"

खाली बेटिंगच्या दुकानात
घोडे शेवटच्या वळणावर आले होते,
कुणीतरी एका नावाने ओरडत होतं.

"तुला. रविवारी सकाळी. दारात येऊन."

असम्प्टाने डबा बंद केला, उघडला,
आतला कागद सारखा केला, पुन्हा बंद केला.
"दहाच्या आत ये," ती म्हणाली,
"मला मिसला जायचंय."

त्या गेल्यावर मी झगा उलटा केला
आणि डाव्या बाजूला, अस्तराच्या आत,
ते मूठभर कापड ठेवून पाहिलं.
चाळीस वर्षं पक्की शिलाई घालणारा हात माझा,
दोनदा गाठ मारली, दोनदा तोडली.
उसन्या वस्तूला कच्चाच टाका हवा,
लांब, सैल, बिनगाठीचा,
एका ओढीत निघेल असा.

दोऱ्याचं टोक मात्र थोडं बाहेर सोडलं,
अंधारात
बोटाला सापडेल इतकं.